भाकरी सोडली, तूप धरलं... आणि मग रिपोर्ट आला



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. शाळेच्या परीक्षा, घराचं काम आणि खरं सांगायचं तर आळस. दरम्यान भेटेल तो एकच प्रश्न विचारत होता, "सर, वजन कसं काय उतरवलं?" बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, अगदी मयतीलासुद्धा! तेव्हा म्हटलं, एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकावं.

पण आजची गोष्ट वजनाची नाही. वजनानंतर जो रिपोर्ट आला, त्याची आहे. माझं बघून नात्यातल्या तिघा-चौघांनी भाकरी सोडली आहे, त्यात माझा सख्खा धाकटा भाऊ बापूही आहे. मी त्यांना वजनाचा आकडा ऐटीत सांगितला होता. दुसरा आकडा मात्र सांगायला टाळाटाळ केली. हे काही बरोबर नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

तर झालं असं की, जानेवारी २०२४ मध्ये माझं वजन होतं ८४ किलो. उंची बेताचीच, त्यामुळे सगळं पोटावर. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.३. मधुमेहाची वेस ६.५ ला लागते, म्हणजे मी वेशीबाहेरच्या पिंपळाखाली बसलेलो. ट्रायग्लिसराइड्स २१२, चांगलं म्हणतात ते एचडीएल ३६, वाईट म्हणतात ते एलडीएल १२८. शाळेतल्या निम्म्या शिक्षकांचे रिपोर्ट साधारण असेच असतील, त्यामुळे त्यात विशेष असं काही वाटलं नाही.

२०१८ च्या सुमाराला महाराष्ट्रात आहाराचं केवढं वारं आलं होतं ते आठवत असेलच. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर आधारलेली पद्धत लोकांपुढे ठेवली. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा, मध्ये काही खाऊ नका. दुसरीकडे ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोडं थोडं दर दोन तासांनी खा. घराघरांत दोन पक्ष पडले. आमच्याकडे तर मोठी वहिनी दीक्षितांच्या बाजूची आणि ताई दिवेकरांच्या! दिवाळीच्या फराळाला दोघी एका ताटाशी बसल्या की बाकीच्यांची करमणूक.

मीही दोन वेळच्या जेवणापासूनच सुरुवात केली. त्या पद्धतीत भाकरी-पोळी बंद करायला कुणी सांगितलेलं नाही, हे आधी स्पष्ट करतो. पुढे जे केलं ते माझ्या हिमतीवर. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी मला घेतलं. तिथे लोक एक पाऊल पुढे गेलेले. भाकरी बंद, भात बंद, डाळसुद्धा मोजून. पोट भरायचं ते अंडी, पनीर, मटण, लोणी आणि तुपावर. सकाळी काळ्या कॉफीत एक चमचा तूप आणि एक चमचा खोबरेल तेल ढवळून प्यायचं. (आईने पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिला वाटलं, मी डोक्याला लावायचं तेल चुकून कपात ओतलं!)

सांगायला हरकत नाही, पहिले काही महिने मी हवेत होतो. जुलैपर्यंत वजन ७१ वर आलं. दुपारी वर्गात येणारी पेंग गेली. पॅन्टी आल्टर कराव्या लागल्या. चौकातला चहावाला काळजीने म्हणाला, "काय भो, आजारी-बिजारी शेस का काय?" खानदेशात माणूस वाळला की आधी आजारी समजतात, नंतर कौतुक करतात.

त्याच दिवाळीत अस्तंब्याला गेलो. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमचं तळोदा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे आणि धनत्रयोदशीच्या सुमाराला इथून अस्तंबा ऋषींच्या यात्रेची माणसं निघतात. अस्तंबा म्हणजे अश्वत्थामा. धडगावच्या बाजूला चार हजार फुटांहून उंच असलेलं ते शिखर. कपाळावरची भळभळती जखम घेऊन अश्वत्थामा अजून या डोंगरात फिरतो आणि जखमेवर लावायला तेल मागतो, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. मला भेटला असता तर अडचण नव्हती, पिशवीत खोबरेल तेलाची बाटली होतीच :)

पाच वर्षांपूर्वी याच चढाला मी चार ठिकाणी बसलो होतो. या वेळी पोरांच्या बरोबरीने चढलो. वर पोचल्यावर मनाशी म्हटलं, आता हृदयाला काही धाड भरलेली नाही. उतरताना हे बापूला बोलूनही दाखवलं. खाली आलो आणि आठ दिवसांनी रक्त तपासलं.

एचबीएवनसी ५.६. ट्रायग्लिसराइड्स ९२. एचडीएल ४९. वाचता वाचता मिशीला पीळ देत होतो. आणि मग एलडीएल, २१४. एकूण कोलेस्टेरॉल २८१.

लॅबवाल्याला म्हटलं, कुणा दुसऱ्याचा तर नाही ना? पुन्हा रक्त दिलं. २०९ आलं.

आता इथे थोडं मागे जावं लागेल. आमचे आप्पा १९९६ मध्ये गेले. वय ५४. तेव्हा नंदुरबार जिल्हा व्हायचा होता, आम्ही धुळे जिल्ह्यात होतो. रात्री जेवण झाल्यावर छातीत जळजळतंय म्हणाले. गॅस झाला असेल म्हणून ओवा खाल्ला, सोडा प्यायले, आई पाठ चोळत बसली. पहाटे घामाने बनियन भिजलं तेव्हा शेजारच्यांची जीप काढली. प्रकाशामार्गे नंदुरबारला निघालो. तापीचा पूल ओलांडला आणि आप्पांचा हात माझ्या हातात गार पडला. बापू तेव्हा अगदी लहान होता, त्याला घरीच ठेवलं होतं. आप्पा सडसडीत होते. सायकलवर शेतात जायचे. पोट नाही, मधुमेह नाही, तंबाखूची सवय नाही. त्यांचं कोलेस्टेरॉल किती होतं? कुणीही, कधीही तपासलं नव्हतं.

त्यामुळे तो २१४ चा आकडा मला नुसता आकडा वाटेना.

ग्रुपवर रिपोर्ट टाकला. दहा मिनिटांत पंधरा अभिनंदनं. "ट्रायग्लिसराइड्स बघा, एचडीएल बघा, एलडीएल विसरा." "कोलेस्टेरॉल हा औषध कंपन्यांनी उठवलेला बागुलबुवा आहे." न्यू जर्सीहून आमच्या मावसभावाचा फोन आला, तोही याच पंथातला. हे लिहिलेलं तो वाचणार आहे, म्हणून त्याचे मुद्दे प्रामाणिकपणे मांडतो आणि मला काय पटलं, काय नाही तेही सांगतो.

त्याचा पहिला मुद्दा: "अरे, अमेरिकेने कोलेस्टेरॉलला कधीच क्लीन चिट दिली." हे अर्धं खरं आहे. २०१५ मध्ये तिथल्या आहार सल्लागार समितीने म्हटलं की खाण्यातल्या कोलेस्टेरॉलची पूर्वीइतकी चिंता करायला नको. म्हणजे अंड्याच्या बलकातलं कोलेस्टेरॉल. त्याआधी २०१४ मध्ये 'टाइम' मासिकाने लोणी खा असं सांगणारं मुखपृष्ठ छापलं होतं. पण ताटातलं कोलेस्टेरॉल वेगळं आणि रक्तातलं एलडीएल वेगळं. रक्तातलं बरंचसं आपलं यकृतच बनवतं. आणि रक्तातलं एलडीएल उचलून घ्यायचं कामही यकृतच करतं. त्यासाठी त्याच्या पेशींवर जणू कड्या असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना. त्यांचा शोध लावल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोघांना १९८५ चं नोबेल मिळालं. आपण तूप, लोणी, खोबरेल यातलं संपृक्त स्निग्ध खूप खाल्लं की या कड्या कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. क्लीन चिट मिळाली ती अंड्याला, तीही थोडीफार. माझ्या रक्ताला कुणी दिलेली नाही.

जरा हिशोब मांडून बघितला. मोठा चमचाभर तूप म्हणजे साधारण १५ ग्रॅम, त्यात ९ ग्रॅमच्या आसपास संपृक्त स्निग्ध. खोबरेल तेलात तर ते दहात आठ-नऊ भाग. आपलं शेंगदाण्याचं तेल घेतलं तर पाचात एक भाग. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाच्या उष्मांकांपैकी दहा टक्क्यांपेक्षा जास्त यातून येऊ नयेत, म्हणजे २००० कॅलरी खाणाऱ्याला २२ ग्रॅमच्या आत. माझं कॉफीपासून रात्रीच्या पनीरपर्यंत ५० च्या वर जात होतं. गणित शिकवतो मी, पण हे गणित दहा महिने केलं नव्हतं!

दुसरा मुद्दा: "वजन उतरत असताना कोलेस्टेरॉल तात्पुरतं चढतं." हे खरं आहे, चढतं. पण माझं वजन जुलैपासून हललं नव्हतं आणि रिपोर्ट नोव्हेंबरचा होता.

तिसरा मुद्दा मोठा: "हे सगळं गोळ्या विकण्यासाठी आहे." यावर मी बराच विचार केला, कारण मलाही औषध कंपन्यांबद्दल फार प्रेम नाही. पण एक अभ्यास वाचला आणि माझ्यापुरता हा प्रश्न मिटला. २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला. काही कृष्णवर्णीय लोकांत जन्मतःच एका जनुकात असा फरक असतो की त्यांचं एलडीएल आयुष्यभर साधारण २८ टक्क्यांनी कमी राहतं. त्यांच्याकडे पंधरा वर्षं लक्ष ठेवलं, तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार इतरांपेक्षा ८८ टक्क्यांनी कमी. यात गोळी नाही, कंपनी नाही, जाहिरात नाही. जन्मापासून एलडीएल थोडं कमी, एवढंच. आणि उलट बाजूही आहे. ज्या मुलांना जन्मतःच या कड्या नसतात, त्यांचं एलडीएल प्रचंड वाढतं आणि काहींना तर विशीच्या आत हृदयविकार होतो. तेव्हा एलडीएल हा निव्वळ बागुलबुवा आहे असं मला आता म्हणवत नाही.

चौथा मुद्दा आमच्या घरातला, आईचा. "तुझ्या आजोबांनी जन्मभर तूप खाल्लं, नव्वद वर्षं जगले." हा मुद्दा मला सगळ्यात अवघड गेला, कारण आजोबा डोळ्यांसमोर आहेत. पण आई, आठवून बघ. घरात तूप किती होतं? एक म्हैस, आठ-दहा माणसं. तूप पुरणपोळीवर, सणाला, नाहीतर बाळंतिणीला. रोज खायची ती ज्वारीची, नाहीतर कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, वरण, शेतातली भाजी. आणि दिवसभर औताच्या मागे चालणं. आजोबा तुपावर नव्वद वर्षं जगले असं म्हणणं म्हणजे दसऱ्याच्या सोन्यावर संसार चालला म्हणण्यासारखं आहे. आणि दुसरं असं की नव्वदीपर्यंत जगलेले आपल्याला आठवतात. त्यांच्याच पिढीतले पन्नाशीला "छातीत वात धरला" आणि गेले, ते कुणी मोजले? आपल्याच गल्लीतले असे तिघे आईनेच मला मोजून दाखवले, हा लेख लिहायला बसलो तेव्हा.

आणि ही गोष्ट एका गल्लीची नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेला 'इंटरहार्ट' नावाचा ५२ देशांचा अभ्यास आहे. पहिला हृदयविकाराचा झटका आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, साधारण ५३ व्या वर्षी, असं त्यातून पुढे आलं. आप्पा ५४ चे होते. आकडा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन बसलो.

मग मी काय केलं? नंदुरबारच्या एका फिजिशियनकडे गेलो. आता हातोड्याच्या पुलामुळे अंतर कमी झालंय, पण त्या दिवशी तापी ओलांडताना आप्पांची जीप आठवलीच. डॉक्टर शांत माणूस. मला वाटलं, आल्याआल्या आहारावरून झापणार. त्यांनी आधी साखरेचा रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, "हे उत्तम केलंत. हे घालवू नका." नंतर एलडीएलवर बोट ठेवून म्हणाले, "पण याची शिक्षा त्याला नाही."

मला कळलं नाही. तर ते म्हणाले, "साखर सुधारली म्हणून एलडीएलचं नुकसान वजा होत नाही. परीक्षेत मराठीत नव्वद मिळाले म्हणून गणितातले दहा चालतात का, सर?" शिक्षकाला शिक्षकाच्या भाषेत समजावलं! मग अस्तंब्याची फुशारकीही मारून बघितली. ते म्हणाले, चढ चढता येणं म्हणजे स्नायू आणि फुप्फुसं चांगली असणं. रक्तवाहिनीच्या भिंतीत साठत चाललेला थर बऱ्याचदा झटका येईपर्यंत काही जाणवूच देत नाही. आप्पाही आदल्या दिवशी सायकलवरच होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. गरज वाटली नाही.

त्यांनी एक जास्तीची तपासणी सांगितली. लिपोप्रोटीन-ए, आयुष्यात एकदा केली की पुरते. हा प्रकार बराचसा वडिलोपार्जित असतो, आहाराने फारसा हलत नाही. ५० च्या वर गेला की धोका वाढलेला धरतात, आणि आपल्याकडे चारांतल्या एकाचा तरी तसा असतो. माझा ६८ निघाला. म्हणजे शेताच्या सातबाऱ्याबरोबर आप्पांनी हेही आमच्या नावावर करून ठेवलं आहे, असं मी समजतो. बापू, "आमच्या" म्हणतोय, लक्षात घे.

पण गोळी लगेच दिली नाही. आधी तीन महिने ताट बदलून बघा म्हणाले. कॉफीतलं तूप-खोबरेल बंद. लोणी बंद. दिवसाला एक छोटा चमचा तूप, तेही जेवणात. स्वयंपाकाला शेंगदाण्याचं तेल, बेताने. पनीर आणि मटण आठवड्याला एकदा-दोनदा, रोज डाळ, मूग-मटकीची उसळ, भाज्या, मूठभर शेंगदाणे. आणि दर जेवणाला एक ज्वारीची भाकरी परत! बायकोने पहिल्या दिवशी भाकरी थापली, वांग्याचं भरीत केलं, तेव्हा दहा-अकरा महिन्यांनंतरची ती पहिली भाकरी... त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल.

फेब्रुवारी २०२५ चा रिपोर्ट: एलडीएल १४१. २१४ वरून १४१, गोळी न घेता. एचबीएवनसी ५.७, वजन ७३, ट्रायग्लिसराइड्स ११८. म्हणजे साखर जवळजवळ तिथेच राहिली. आणि ग्रुपवर मला सांगितलं होतं की एक भाकरी खाल्ली की सगळं पाण्यात!

डॉक्टर म्हणाले, दुसरा कुणी असता तर आणखी थोडं थांबलो असतो. पण वडील ५४ व्या वर्षी गेलेले, लिपोप्रोटीन-ए जास्त, आणि तुमची पन्नाशी जवळ आलेली. आपल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत साध्या माणसाचं एलडीएल १०० च्या आत असावं आणि जास्त धोका असलेल्याचं ७० च्या आत, असं म्हटलंय. म्हणून स्टॅटिनची एक गोळी सुरू केली. बुरशीपासून स्टॅटिन शोधून काढणारे अकिरा एंडो हे जपानी संशोधक २०२४ मध्येच वारले. जेनेरिक दुकानात दहा गोळ्यांची पट्टी चहा-नाश्त्याच्या पैशांत येते, त्यामुळे माझ्या एका गोळीवर कुणी बंगला बांधत असेल असं वाटत नाही. जून २०२५ मध्ये एलडीएल ७६ आलं. पाय दुखतात का, हे दर भेटीत डॉक्टर विचारतात. आजपर्यंत नाही दुखले.

आता माझं मत. (मत आहे, औषध नव्हे. प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांना विचारा.)

पिष्टमय पदार्थ कमी करणं चुकीचं आहे, असं मी म्हणत नाही. उलट आपल्याकडे त्याची गरजच आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे भारतीय माणसाच्या उष्मांकांपैकी ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात, त्यात पांढरा भात, मैदा, साखर भरपूर. त्याच परिषदेच्या २०२३ च्या पाहणीत ११.४ टक्के लोकांना मधुमेह आढळला. साखर, बिस्किटं, थंड पेयं, ढीगभर भात सोडला तर भलंच होईल. माझं झालंच.

माझं भांडण आहे ते जागा कशाने भरली याच्याशी. ताटातली भाकरी उचलली की तिथे काहीतरी येणारच. तिथे डाळ, उसळ, भाज्या, शेंगदाणे, मासे आले तर एक गोष्ट. तूप-लोण्याचा डबा आला तर दुसरी. दोन्हींना लोक 'लो कार्ब'च म्हणतात. ब्रिटनमधल्या लोकांच्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पिष्टमय पदार्थ अगदी कमी आणि स्निग्ध खूप खाणाऱ्या ३०५ जणांची इतरांशी तुलना केली. जवळजवळ बारा वर्षांत हृदयविकार-पक्षाघातासारखे प्रसंग त्यांच्यात सुमारे दहा टक्के लोकांना आले, इतरांत चार टक्क्यांच्या आसपास. मावसभाऊ म्हणेल, लोक थोडे आहेत आणि त्यांचं खाणं एकदाच विचारलेलं आहे. बरोबर आहे, एवढ्यावरून फाशी देता येणार नाही. पण ज्याच्या घरात एक माणूस असा गेला आहे, त्याने हे वाचून खांदे उडवणंही बरोबर नाही. सडपातळ, भरपूर व्यायाम करणाऱ्या काहींचं एलडीएल या आहारात फार चढतं, आणि त्यांना खरंच किती धोका आहे यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. तो वाद त्यांनी खुशाल चालवावा. त्याचा निकाल लागेपर्यंत आपल्या रक्तवाहिन्या पणाला लावायची मला तरी घाई नाही.

आणखी एक गोष्ट मनात येते ती सांगून टाकतो. आमच्या या जिल्ह्याचं नाव पेपरात येतं ते कुपोषणासाठी. वरच्या पाड्यांतली मुलं माझ्या वर्गात आहेत. डब्यात भाकरी आणि चटणी असते, तीही कधी कधी अर्धीच. त्या मुलांसमोर "मी भाकरी सोडली आहे" हे मी मोठ्या अभिमानाने सांगत होतो, हे आठवलं की आता कानकोंडं व्हायला होतं. सोडणं ही ऐपत असलेल्या माणसाची गोष्ट आहे. निदान ती करताना डोळे उघडे असावेत.

ज्यांनी माझं बघून सुरू केलं आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं. सुरू करण्याआधी लिपिड प्रोफाइल करा, तीन महिन्यांनी परत करा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय भाकरी-भात एकदम तोडू नका, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. रिपोर्टमध्ये फक्त आपल्या आवडीची ओळ वाचू नका. एलडीएल चढलं असेल तर घाबरू नका, माझं ताट बदलून ७३ अंकांनी उतरलं. पण दुर्लक्षही करू नका. आणि घरात कुणी साठीच्या आत "गॅसने" गेलं असेल, तर तो खरंच गॅस होता का, हे एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसून विचारा.

बापू, हे सगळं खरं म्हणजे तुझ्यासाठी लिहिलं. फोनवर तू म्हणालास, "दादा, मला काही त्रास नाही, कशाला तपासू? मावसभाऊ म्हणतो ते बरोबर आहे." त्रास आप्पांनाही नव्हता. तू त्यांच्यासारखाच सडसडीत आहेस, हसतोसही तसाच. तू कॉफीत तूप घालायला माझ्याकडूनच शिकलास, ही गोष्ट मला रात्री झोपू देत नाही. तू आहार सोडू नकोस, मी सोड म्हणतच नाही. फक्त एकदा उपाशीपोटी रक्त देऊन ये. तपासणीचे पैसे मी देतो, हवं तर बरोबर येतो. आपल्या नावावर सातबाऱ्याशिवाय आणखी काय काय चढलंय ते एकदा बघू तरी.

असो. लिहिता लिहिता बरंच लांबलं. आतून हाक येतेय, भाकरी तव्यावर आहे.

ता.क. - आईला हा लेख वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढं लिहिलंस, आता बापूला फोन कर." करतोच आहे.